बुधवारच्या बाई

तहसील कार्यालयात मी दीड वर्ष सगळ्यांना सांगत होते की माझे दात दुखतात. दर दुसऱ्या बुधवारी रजेचा अर्ज, कारण एकच: दंतोपचारासाठी चंद्रपूरला जाणे. एटापल्लीहून चंद्रपूर म्हणजे पहाटेची एसटी पकडून जायचं आणि दिवेलागणीनंतर परत यायचं, अर्ध्या दिवसाच्या रजेत ते भागत नसे. किरकोळ रजा संपल्या, मग मी अर्जित रजा खायला लागले. पहिले काही महिने कोणी बोललं नाही. मग आमचा म्हातारा शिपाई, जिभेला हाड नसलेला माणूस, एक दिवस भर कचेरीत म्हणाला, "मॅडम, तो डॉक्टर बत्तीसच्या बत्तीस बदलून राह्यला का?"

सगळे खो खो हसले. मी टाइपरायटरवरून मान वर न करता म्हटलं, "भाऊ, तो जीभ बदलून देते का, तेही तुमच्यासाठी विचारून येते." त्यानंतर काही दिवस तो गप्प बसला.

दात माझे ठणठणीत होते. मी जायची ती एका बाईंकडे, बोलायला. पण 'बोलायला' असं रजेच्या अर्जात लिहिता येत नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या भागात डोक्याच्या दुखण्याला दोनच इलाज होते, पुजारी नाहीतर नागपूरचा पागलखाना, आणि दोन्हीकडे गेलेल्या माणसाला गाव एकाच नावानं ओळखायचं. त्यापेक्षा दात बरे.

माय माझ्याजवळ राहायची. भाऊ सावली गावाला, धानाची शेती, बायको, तीन पोरं. त्याच्याकडे जागाही होती आणि माणसंही. तरी माय माझ्यामागे एटापल्लीला आली, कारण मी एकटी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मी बाईंनासुद्धा अर्धीच सांगितली. आम्ही दोघी दोन खोल्यांत आठ वर्षं राहिलो, आणि त्यातली सात वर्षं आम्ही भांडलो असू. माझ्या नाकावर राग असतो आणि तो मला मायकडूनच आलेला.

त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज रजा टाक नं वं. मले बरं वाटून नाई राह्यलं." हे ती आठवड्यातून दोनदा म्हणायची. माझी वेणी व्हायची होती, वरच्या साहेबांचा दौरा होता. मी म्हटलं, "तुयं रोजचंच हाय, माय. नाटकं नोको करू." आणि दार ओढून गेले. दुपारी जेवायला घरी आले तर ती भिंतीला टेकून, बसल्या जागीच गेलेली. पाण्याचा गडू तिच्या हातापासून वीतभर लांब होता.

दहावा, तेरावा झाला, भाऊ सावलीला परत गेला, मी कामावर रुजू झाले. कचेरीत मी वारसाचे दाखले टाइप करायची. 'मयत' हा शब्द दिवसातून वीस वेळा टाइप केला असेल, जेवढ्या सहज माणूस भाजी चिरतो तेवढ्या सहज. आता त्या शब्दाशी आले की बोटं थांबायची. आधी क्षणभर, मग पाच मिनिटं, मग मी तिथंच मशीनवर डोकं टेकून रडायला लागले. झोप गेली. जेवण गेलं. एकटीचं काय रांधायचं, म्हणून मी तीन-तीन दिवस चहा आणि बिस्किटांवर काढले. इथल्या सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर मला तपासून म्हणाला, "ताई, अंगात काही नाही. चंद्रपूरला दाखवा," आणि एका धर्मादाय दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिन्याकडे बोट दाखवलं: "वर बाई बसतात. दर बुधवारी. त्यांच्याशी बोला."

वरच्या दारावर 'समुपदेशन' अशी पाटी होती. तो शब्द मी टाइप करू शकत होते, अर्थ ठाऊक नव्हता. आत पंचावन्नच्या पुढच्या एक बाई, सुती पातळ, चष्म्याला दोरी, टेबलावर पाण्याचा तांब्या. पन्नास मिनिटं माझी. पहिल्या दिवशी ती पन्नास मिनिटं मी फक्त एसटीच्या वेळापत्रकाबद्दल बोलले. आलापल्लीला बस किती थांबते, आष्टीला किती, गोंडपिपरीला चहा कसा गोड गिच्च मिळतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी बस घरून निघते तिथून सांगा." मला राग आला. एवढ्या लांबून आले, आणि ही बाई मला काय सांगून राहिली! तरी पंधरा दिवसांनी गेले.

मायच्या त्या सकाळपर्यंत यायला मला चार महिने लागले. वेणी, दौरा, 'नाटकं नोको करू', गडू, सगळं एका दमात सांगितलं आणि वाटलं आता ह्या मला उठून जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "आणि ती काय म्हणाली, तुम्ही दार ओढल्यावर?" मी विसरलेच होते. दार ओढताना माय आतून ओरडली होती, "छत्री ने नं वं!" हे आठवलं आणि मी जे रडायला लागले ते पन्नास मिनिटं संपली तरी थांबेना. पुढचा माणूस बाहेर खोकत होता. बाईंनी त्याला बसू दिलं.

आता डब्याचं सांगते, कारण सगळा घोळ त्या डब्यानं केला.

बाईंचा नियम होता की त्या कोणाकडून काही घेत नाहीत. फुलं नाही, पेढे नाही, काही नाही. पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण एकदा बसला उशीर झाला आणि मी उपाशीपोटी थेट जिना चढून गेले. बाई म्हणाल्या, आधी दोन घास खाऊन घ्या. मी डबा उघडला. लाखोळीच्या डाळीचे वडे होते. आता, समोर माणूस बसलंय आणि आपण एकटीनं खायचं, हे आमच्याकडे कोणाला जमतं? मी डबा पुढे केला. त्यांनी नको म्हटलं. मी म्हटलं, "बाई, अन्नाले नाई म्हनू नये." त्यांनी एक वडा घेतला. मग, काही न बोलता, दुसरा. मग म्हणाल्या, "ब्रह्मपुरीला आमच्या घरी दर शनिवारी व्हायचे." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाई आमच्याच भागातल्या आहेत. त्या गडबडीत उरलेल्या वड्यांसकट डबा तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी डबा परत मिळाला, आत तिळाचे लाडू. अर्थातच. रिकामं भांडं परत करायचं नसतं. घरात काही नसलं तर माणूस चिमूटभर साखर घालील, चार दाणे तांदूळ घालील, पण रिकामं देणार नाही. रिकामं दिलं म्हणजे जाणं-येणं संपलं. आता लाडू आले म्हटल्यावर डबा माझ्याकडे, आणि पुढची पाळी माझी. मी चारोळ्या नेल्या. बोरकूट आलं. नव्या तांदळाचे पोहे नेले, लिंबाचं लोणचं आलं. नियम बाईंचा होता आणि तो त्यांनीच मोडला होता, पण त्याबद्दल आम्ही दोघीही एक शब्द बोललो नाही.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. माझी मुंगी कधी गेली ते मला कळलंच नाही. होळीच्या सुमारास एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून सात दाखले टाइप झाले आणि सातही 'मयत' मी न थांबता टाइप केले. गोळ्या आधीच अर्ध्यावर आल्या होत्या, मग बंद झाल्या. झोप तर अशी लागायची की दूधवाला दार ठोठावून परत जायचा. हे सगळं मी बाईंना आनंदानं सांगितलं. त्याही हसल्या. आणि म्हणाल्या, "छान झालं. मग आता आपण किती दिवसांनी भेटायचं, ते तुम्ही ठरवा."

किती दिवसांनी म्हणजे? महिन्यानं, दोन महिन्यांनी, मग कधीच नाही? मला आजवर कोणी असं विचारलंच नव्हतं. डॉक्टरनं 'बंद' म्हटलं की गोळी बंद होते, साहेबांनी बदली केली की माणूस जातो. आपलं आपण संपवायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि बाई नाहीत म्हणजे काय उरलं? कचेरीत 'मॅडम, ही प्रत घ्या'. घरमालकीण 'पाणी आलं हो'. भाऊ महिन्यातून एकदा पोस्टकार्ड टाकायचा, खुशाली लिहून. माझं ऐकणारं या जगात एकच माणूस होतं, आणि त्याच्याकडे जायला मला आजारी असावं लागत होतं.

मग मी आजारी राहिले.

खोटं बोलणं मला जड गेलं नाही. दातांची सवय झालीच होती. पुढच्या बुधवारी मी म्हटलं, झोप पुन्हा बिघडली. त्याच्या पुढच्या वेळी, माय स्वप्नात येते. बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार करायची, आज काय न्यायचं; डब्यात काय ते मंगळवारीच ठरलेलं असायचं, दुःख कोणतं ते गोंडपिपरीपर्यंत ठरायचं. हसू नका. तुम्ही मंगळवारची ती संध्याकाळ पाहिली नाही. पंधरा दिवसांत तेवढ्याच एका संध्याकाळी माझी चूल दुसऱ्या कोणासाठी पेटायची. मी गाणं गुणगुणत पीठ मळायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायची की जगण्यात राम नाही.

असे जवळजवळ आठ महिने गेले. बाई ऐकायच्या. कधी चष्मा काढून डोळे चोळायच्या. एक-दोनदा म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत बायका किती आहेत?" किंवा, "भावाकडे दिवाळीला जाणार का?" मी ते उडवून लावलं. मला वाटायचं, त्यांना कळत नाही.

हिवाळा लागला होता. मी सांबारवड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरायची, सारण करायचं, एकेक पारी लाटून भरून मुडपायची आणि तळायची. दोन तासांचं काम. डबा बाईंच्या टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि म्हटलं, "पाच रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही."

बाईंनी डबा उघडला. एक वडी हातात घेतली, खाल्ली नाही, नुसती फिरवून पाहिली. म्हणाल्या, "पाच रात्री न झोपलेली बाई अशा वड्या मुडपत नाही. एकही फुटलेली नाही. तुम्ही पहिल्यांदा इथं आलात तेव्हा तुमच्या अंगात पोलकं उलटं होतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता."

मी पदर सारखा केला.

"तुम्ही बऱ्या आहात," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय हे मला सांगायची भीती का वाटते?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. चोरी पकडल्यावर चोराला येतो तसा राग. मी ताडकन उठले. "म्हंजे मी खोटं बोलून राह्यली का? अस्सं! सरळ सांगा नं, का आता येऊ नोको म्हनून. हाकलून देऊन राह्यल्या तर तोंडानं हाकला!"

"बसा," बाई म्हणाल्या.

"नाई बसत!" जिना मी धडाधड उतरले. डबा वरच राहिला.

झालं, संपलं, असं मी स्वतःला सांगितलं. अशीच मी संपवते. मायशीही असंच दार ओढून बोलणं संपवायची. पुढचा बुधवार आला, मी गेले नाही. त्याच्या पुढचा आला, गेले नाही. कचेरीत शिपायानं विचारलं, "काऊन मॅडम, दात सरले?" मी म्हटलं, "हो. सगळे बरे झाले." आणि ते म्हणताना माझा आवाज असा चिरकला की तो बिचारा फाइल ठेवून निघूनच गेला.

आता एक गंमत सांगते, गंमतच म्हणायची. मी दुखणं परत येण्याची वाट पाहत होते. रोज सकाळी जाग आली की आधी चाचपून बघायचं, आलं का? बोटं थांबतात का? भूक गेली का? परत आलं असतं तर मी ताठ मानेनं जिना चढले असते: बघा, मी बरी नव्हते. पण ते येईना. झोप येत होती, भूक लागत होती, 'मयत' टाइप होत होतं. फक्त दिवस सरकत नव्हता. बुधवारी दुपारी साडेबारा वाजले की मी घड्याळाकडे बघत बसायची आणि एक वाजून वीस मिनिटांनी पुन्हा कामाला लागायची. तेव्हा मला कळायला लागलं की हे जे आहे ते दुखणं नाही. हे दुखण्याच्या आधीही होतं. माय होती तेव्हा ते आमच्या भांडणांत ऐकू यायचं नाही, एवढंच.

डबा मात्र तिकडे होता. माझं भांडं दुसऱ्याच्या घरी अडकलंय ही गोष्ट मनाला चैन पडू देईना. दीड महिन्यानं मी पोस्टकार्ड टाकलं: 'माझा डबा आपल्याकडे राहिला आहे. येत्या बुधवारी घेऊन जाईन.' नमस्कारसुद्धा लिहिला नाही. उलट टपाली कार्ड आलं: 'या. तुमची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे.'

त्या मंगळवारी मी काही रांधलं नाही. हात बांधून बसून राहिले.

डबा टेबलाच्या मधोमध होता. बाई म्हणाल्या, "घ्या." मी उचलला आणि हाताला कळलं. तरी झाकण उघडलं. घासूनपुसून कोरडा केलेला, आत साखरेचा दाणासुद्धा नाही. मला कोणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं.

"रिकामा हाय," मी म्हटलं.

"हो."

"तुम्ही तं आमच्याच भागातल्या. तुमाले मालूम नाई का?"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा माझा हात साखरेच्या डब्याकडे गेला. तिन्ही वेळा मागे घेतला." त्यांनी चष्मा काढला. "आधी माझी चूक सांगते. तो पहिला वडा मी खायला नको होता. खाल्ला तर खाल्ला, डबा तिथंच थांबवायला हवा होता. होळीला तुम्ही बऱ्या झालात हे मला दिसत होतं. पण डबा सारखा एकीकडून दुसरीकडे. कधी माझ्याकडे, कधी तुमच्याकडे. मग थांबायचं कुणी? मला ते बोलता येईना. तुमचे आठ महिने मी वाया घालवले."

"वाया नाई गेले ते," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं. "तेवढेच तं मी जगून राह्यली होती."

"म्हणूनच वाया गेले. पंधरा दिवसांतून पन्नास मिनिटं, एवढ्यावर कोणी जगत नाही. तुमचं दुखणं गेलंय. उरलंय ते एकटेपण. त्याला इथं औषध नाही. त्याला माणसं लागतात, रोज दिसणारी, भांडणारी. ती या खोलीत मिळत नाहीत."

मी डोळे पुसले आणि जे विचारायला मी खरं तर आले होते ते विचारलं. "मग आता मी पेशंट नाई. तुमच्या घरी आली तर? बहिणीसारखी?"

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमचं सगळं माहीत आहे. तुम्हाला माझं काय माहीत आहे? ब्रह्मपुरी आणि लाखोळीचे वडे. अशा दोघी सारख्या होत नाहीत. तुम्ही माझ्याकडे आलात की पुन्हा पेशंटच व्हाल."

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं पुरी बसलो. मी न रागावता बसले, हीच माझ्यासाठी मोठी गोष्ट. मी आले तेव्हा काय होतं, आता काय आहे, हे त्यांनी मला एकेक करून माझ्याच तोंडून वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "खरंच झोप गेली, बोटं थांबली, तर या. दार उघडं आहे. आणि बाहेर कुठं दिसलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुमच्यासोबत कोणी असेल, तुम्हाला अवघडायला नको. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा." पुन्हा तेच, तुम्ही ठरवा. मी उठले. त्या दारापर्यंत आल्या, आधी कधी येत नसत. मी सवयीनं 'येते' म्हटलं आणि जीभ चावली. मी रिकामा डबा काखेत मारून हळूहळू जिना उतरले.

पुढच्या मंगळवारी मी सवयीनं पीठ मळायला घेतलं आणि मग लक्षात आलं. आता मळलंय तर टाकायचं कुठं? वडे तळले, बुधवारी कचेरीत नेले. आमच्याकडे नुकतीच सिरोंच्याहून बदलून आलेली एक कारकून बाई होती, अर्धं मराठी अर्धं तेलुगू, तोंड म्हणून बंद नाही. मला ती आवडली असं म्हणता येणार नाही. पण टेबल शेजारी होतं. तिनं पाच वडे खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाली, डबा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी चिंचेचा पिवळा भात भरून आणला. मी पुन्हा काहीतरी नेलं. ती संध्याकाळी माझ्याकडे यायला लागली, न विचारता, न सांगता. तिच्या नवऱ्याच्या तक्रारी, सासूच्या तक्रारी. मी मधेच म्हणायची, "आता बस कर नं बाई." ती बस करायची नाही. वर्षभरात आम्ही दोनदा अबोला धरला आणि दोन्ही वेळा तीच आधी बोलली. मला अजून एकटं वाटायचं. पण ते आता दिवसभर वाटायचं नाही.

मग कचेरीत कॉम्प्युटर येणार म्हणून आम्हा दोघींना ट्रेनिंगसाठी चंद्रपूरला पाठवलं. शेवटच्या दिवशी आम्ही परतीच्या बसमध्ये चढलो. मैत्रिणीनं खिडकी पकडली, मी तिच्याशी त्यावरून वाद घालत होते, आणि खिडकीबाहेर फलाटावरच्या बाकावर बाई दिसल्या.

मांडीवर पिशवी. केस सगळे पांढरे. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, बाईंचं एकाही पाटीकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखलं, मला कळलं. आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे नजर दुसरीकडे वळवली.

ह्या भेटीत काय काय बोलायचं ते मी वर्षभर मनात घोकलं होतं. बऱ्याच गोष्टी रागाच्या होत्या. त्यातली एकही आठवेना. मी धडपडत खाली उतरले.

"बाई."

त्यांचा चेहरा नुसता उजळला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. आधी कधी शिवल्यासुद्धा नव्हत्या. "कशा आहात?"

"मी बरी आहे. खरंच बरी आहे. ती खिडकीत बसलीय ना, ती माझी मैत्रीण. लई भांडते." बाई हसल्या. मी विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. बुधवारचं ते बंद झालं आता. घरी भिंतींकडे किती बघायचं? इथं येऊन बसते जरा. माणसं दिसतात."

कंडक्टरनं घंटी मारली. मैत्रीण आतून ओरडली, "अवो, चाला नं लवकर!" मी बाईंना म्हटलं, "येते हं," आणि धावत जाऊन चढले. गाडी हलली. मैत्रिणीनं विचारलं, कोण होत्या, मी म्हटलं, माझ्या बाई. शाळेतल्या का, म्हणाली. मी हो म्हटलं.

बल्लारपूर मागे पडेपर्यंत ती बोलत होती आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. पहिल्या चार महिन्यांत बाईंसमोरच्या खुर्चीत बसून मी कितीदा म्हटलं असेल, 'बरी आहे'. बाईंनी ते कधी खरं धरलं नाही. त्या पुन्हा विचारायच्या, मग पुन्हा, मी सांगेपर्यंत. मी त्यांना एकदाच विचारलं.